तारामती ते उषा: नटीचे आयुष्य आणि तिची भूमिका

१९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' निघाला तेव्हा तारामतीचे काम करायला दादासाहेब फाळक्यांना बाई मिळाली नाही. शेवटी एका उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. चार वर्षांनी 'लंकादहन'मध्ये तर रामही तेच आणि सीताही तेच. पडद्यावर सीता आली की प्रेक्षक हात जोडत. पण साळुंक्यांचे लग्न झाले आहे का, काम संपल्यावर ते कोणाबरोबर हिंडतात, सीता झालेल्या माणसाला असले वागणे शोभते का, याची चौकशी कोणी केल्याचे दिसत नाही. पोशाख उतरवला की साळुंके मोकळे.

एकोणीस वर्षांनी तीच तारामती 'प्रभात' फिल्म कंपनीच्या 'अयोध्येचा राजा'मध्ये दुर्गा खोट्यांनी केली. या वेळी चौकशी चित्रपटाच्या आधीच सुरू झालेली होती. बाई कोणाची मुलगी, कोणाची सून, घरच्यांनी परवानगी दिली कशी, हे सारे शहराच्या तोंडी होते. दोन तारामतींमधल्या या अंतरात आपल्या अभ्यासविषयाचा जन्म आहे. मधल्या काळात बायका पडद्यावर आल्याच नव्हत्या असे नाही. १९१३ मध्येच फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या मायलेकी होत्या. पण 'घरंदाज' म्हटल्या जाणाऱ्या घरातली बाई आली तेव्हा तिच्यामागोमाग तिचे अख्खे घर पडद्यावर आले.

हे घर पडद्यावर कोणी आणले, हा प्रश्न नव्या वाचकाने पहिल्यापासून मनात ठेवावा. दुर्गाबाईंनी 'मी दुर्गा खोटे' या आत्मचरित्रात त्याचे उत्तर मोकळेपणाने दिले आहे. १९३१ च्या 'फरेबी जाल'मध्ये त्यांचे काम जेमतेम दहा मिनिटांचे होते. घराची आर्थिक घडी विस्कटलेली, पदरात दोन मुलगे, शिकवण्यांवर भागत नव्हते, म्हणून ते काम त्यांनी स्वीकारले. निर्मात्याने जाहिरात केली ती लाडांची कन्या आणि खोट्यांची सून म्हणून. चित्रपट सुमार निघाला आणि नाचक्की झाली ती दोन घराण्यांची. त्यांचे खासगी आयुष्य भूमिकेत शिरले ते असे, जाहिरातवाल्याच्या हाताने. मग 'प्रभात'चे दिग्दर्शक शांतारामबापू यांनी त्यांना तारामतीसाठी विचारले. राज्य गेलेली, दुसऱ्याच्या घरी राबणारी, तरी शील सांभाळणारी राणी. एका भूमिकेने गेलेली अब्रू दुसरीने भरून आली. हा हिशेब कंपनीच्या ध्यानात आला नसेल असे मानणे भाबडेपणाचे होईल.

आयुष्य आणि भूमिका यांची सरमिसळ होते तेव्हा आपण सहज म्हणून जातो की बाई भूमिका जगली. वर्तमानपत्री मृत्युलेखांत हे वाक्य हटकून सापडते. या क्षेत्रात पाऊल टाकताना ते वाक्य काही काळ बाजूला ठेवा, अशी माझी विनंती आहे. आपोआप काही मिसळत नाही. निर्माता मिसळतो, जाहिरात लिहिणारा मिसळतो, सिनेमासिकाचा संपादक मिसळतो, तिकीट काढून आलेला प्रेक्षक मिसळतो, घरचा माणूस मिसळतो आणि पुष्कळदा बाई स्वतःही जाणूनबुजून मिसळते. प्रत्येकाचा मतलब निराळा असतो. तो शोधणे हे आपले काम.

जगभरच्या अभ्यासकांनी या कामाला काही अवजारे दिली आहेत. रिचर्ड डायर यांच्या 'स्टार्स' (१९७९) या पुस्तकाने तारा हा माणूस आणि त्याची छपाईतून, जाहिरातीतून, भूमिकांतून घडलेली प्रतिमा यांची फोड करून दाखवली. आपल्याकडे रोझी थॉमस यांनी 'मदर इंडिया'वर १९८९ मध्ये लिहिलेला निबंध अजून जुना झालेला नाही. ती कथा बहुतेकांना माहीत असते. चित्रीकरणात आग लागली, नर्गिस ज्वाळांत सापडल्या, सुनील दत्तांनी त्यांना बाहेर काढले आणि मार्च १९५८ मध्ये दोघांचे लग्न झाले. पडद्यावर मात्र दोघे मायलेक होते आणि चित्रपट जोरात चालू होता. थॉमसबाईंनी या गप्पांकडे गप्पा म्हणून नाक मुरडले नाही. प्रेक्षक पडद्यावरची माता आणि तिच्याबद्दलची कुजबुज एकाच वेळी कशी बाळगतो, पावित्र्याला कुजबुजीची गरज कशी लागते, हे त्यांनी दाखवले. नीपा मजुमदार आणि देबश्री मुखर्जी यांची अलीकडची पुस्तके १९३० आणि १९४० च्या दशकांतल्या मुंबई-पुण्याच्या नट्यांवर आहेत. मराठी वाचकाला त्यांत ओळखीची माणसे पानोपानी भेटतील.

त्यांतली एक शांता आपटे. 'कुंकू' (१९३७) हा ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा चित्रपट. फसवून म्हाताऱ्या वकिलाशी लग्न लावून दिलेली नीरा त्याला नवरा मानायला साफ नकार देते. घरात सावत्र मुलगा अंगचटीला येऊ पाहतो तेव्हा नीरा छडी उचलते आणि त्याला सडकून काढते. ते दृश्य आजही पाहावे. छडी धरलेला हात नाटकी नाही. मुलगी खरोखर चिडलेली आहे आणि चिडताना सुंदर दिसण्याची फिकीर तिला नाही. पुढे शांताबाईंनी 'फिल्मइंडिया' मासिकाचे संपादक बाबूराव पटेल यांच्या कार्यालयात जाऊन त्यांना छडीने बदडले, अशी हकीकत सिनेजगतात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. हकीकतीचा तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतो, पण छडी कधी बदलत नाही. मला वाटते, ती छडी थेट 'कुंकू'तून आलेली आहे. लोकांनी नीराच्या हातात ती पाहिलेली होती, त्यामुळे शांताबाईंच्या हातातली छडी मान्य करायला कोणाला पुरावा लागला नाही.

दुसरी घटना मात्र आख्यायिकेतली नाही. १९३९ मध्ये शांता आपटे 'प्रभात' स्टुडिओच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. भांडण पगाराचे आणि कराराचे होते. वर्तमानपत्रांना त्यात नीराच दिसली, आणि नीरा दिसल्यामुळे करार दिसेनासा झाला. बंडखोर मुलगी हट्टाला पेटली, एवढेच चित्र उरले. भूमिकेने बाईला बळ दिले म्हणावे, की तिच्या रास्त मागणीचे नाटक करून टाकले म्हणावे? दोन्ही म्हणता येते. त्यावर वाद घालायला हा विषय फार चांगला आहे आणि वर्गात घालून पाहावा. 'प्रभात'ची ती जागा पुण्यात आज फिल्म इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. चित्रपट शिकायला येणारी मुले रोज तिथून ये-जा करतात.

आता हंसा वाडकर. या विषयात शिरणाऱ्याला त्यांना टाळून पुढे जाता येत नाही, आणि जाऊही नये.

कलावंतिणींच्या घराण्यातली रतन साळगावकर वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमाराला 'विजयाची लग्ने' (१९३६) या चित्रपटातून पडद्यावर आली आणि हंसा वाडकर झाली. घर चालवायला पैसे हवे होते. पुढे 'बॉम्बे टॉकीज' झाले, 'प्रभात' झाले. १९४१ च्या 'संत सखू'मध्ये त्या सखू झाल्या. सखूची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. सासरचे छळतात, पंढरीला जाऊ देत नाहीत, खांबाला बांधतात. मग विठ्ठल सखूचे रूप घेऊन तिच्या जागी स्वतःला बांधून घेतो आणि ती वारीला जाते. बाईला घराबाहेर पडायचे तर तिची घरातली भूमिका दुसऱ्या कोणी तरी वठवावी लागते, इतकी व्यवहारी गोष्ट संतकथेत क्वचित आढळते. हंसाबाई रोज घराबाहेर पडत, पण त्यांच्या घरच्या खांबाला बांधून घ्यायला कोणी आले नाही. त्यांना संसार हवा होता. लग्नानंतर काम सोडण्याची इच्छा होती. नवऱ्याला त्यांचे काम हवे होते, कारण घर त्यावर चालत होते, आणि त्याच कामापायी तो संशयही घेत होता. सकाळी करार करायचा, रात्री त्याच नायकावरून उलटतपासणी करायची. नटीचे खासगी आयुष्य आणि भूमिका यांचा गुंता म्हणतात तो इथे, घरातल्या जमाखर्चात, सुरू होतो.

१९४७ च्या 'लोकशाहीर रामजोशी'ने त्या तमासगिरीण म्हणून घरोघर पोचल्या. मग १९५९ मध्ये अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' आला. पुण्याच्या 'विजयानंद'ला तो सव्वाशेहून अधिक आठवडे चालला. जयश्री गडकर त्यातून पुढे आल्या आणि हंसाबाईंच्या वाट्याला त्यातली वडीलधारी तमासगिरीण आली. अकरा वर्षांनी, १९७० मध्ये, राजहंस प्रकाशनाने हंसाबाईंचे आत्मकथन काढले तेव्हा त्यालाही हेच नाव दिले गेले. आधी 'माणूस' साप्ताहिकातून आलेला हा मजकूर त्यांनी सांगितला आणि अरुण साधूंनी शब्दांकित केला. पुढच्याच वर्षी त्या गेल्या.

आपल्या आयुष्याला आपल्या चित्रपटाचे नाव देणे ही विक्रीची युक्ती असेलही. मला त्यात आणखी काही दिसते. तमाशाच्या बोर्डावर उभ्या राहिलेल्या बाईला बोलायचा परवाना असतो. ती चावडीला, पाटलाला, समोर फेटे बांधून बसलेल्या बाप्यांना तोंडावर सुनावते आणि लोक दाद देतात. तीच बाई घरात तसे बोलली तर निर्लज्ज ठरते. दारू, गर्भपात, परपुरुष, मराठवाड्यातल्या एका गावी गोषात काढलेली वर्षे, हे सारे १९७० साली एका मराठी बाईने स्वतःच्या नावानिशी सांगायचे तर तिला आवाज कुठून मिळणार? हंसाबाईंनी तो आपल्या भूमिकेकडून उसना घेतला. आयुष्य भूमिकेत शिरण्याच्या कथा पुष्कळ सांगितल्या जातात. इथे भूमिकेने आयुष्याला बोलते केले.

असे करणाऱ्या त्या एकट्या नव्हेत. 'माणूस' (१९३९) या चित्रपटात मैना झालेल्या शांता हुबळीकरांनी आत्मचरित्राला 'कशाला उद्याची बात' हे नाव दिले. ते त्याच चित्रपटातल्या गाजलेल्या गाण्याचे. उद्याची फिकीर न करणारी मैना आणि म्हातारपणी मागे वळून पाहणाऱ्या बाई यांच्यामध्ये पन्नासेक वर्षे आहेत, आणि मुखपृष्ठावर दोघींचे एकच नाव. स्नेहप्रभा प्रधान, लीला चिटणीस, उषा किरण, जयश्री गडकर यांनीही आत्मचरित्रे लिहिली. नट्यांच्या आत्मकथनांचे इतके भरगच्च कपाट मराठीत आहे, हे आपल्याच विद्यार्थ्यांना फारसे ठाऊक नसते. समीक्षकांनी या पुस्तकांना बराच काळ 'खळबळजनक' म्हणून बाजूला सारले. त्याचे एक कारण उघड आहे. दारू पिणाऱ्या लेखकाचे आत्मचरित्र आपण साहित्य म्हणून वाचतो, नटीचे मात्र कबुलीजबाब म्हणून.

हंसाबाईंच्या आत्मकथनाच्या आधारावर श्याम बेनेगलांनी १९७७ मध्ये 'भूमिका' केला. पटकथा बेनेगल, गिरीश कार्नाड आणि सत्यदेव दुबे यांची. त्यातल्या नटीचे, उषाचे काम स्मिता पाटील यांनी केले आणि त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. उषाचे बालपण कृष्णधवल आहे आणि मध्येच रंग येतो. गोविंद निहलानींचा कॅमेरा प्रत्येक काळाचा सिनेमा जसा दिसत असे तसा तो काळ दाखवतो, त्यामुळे उषाची आठवण आणि उषाचा चित्रपट कुठे वेगळे होतात हे आपल्यालाही चटकन कळत नाही. नवऱ्याला सोडून विनायक काळे नावाच्या पुरुषाच्या वाड्यात ती सुखाने राहू लागते. सासू आहे, अंथरुणाला खिळलेली पहिली बायको आहे, एक मुलगा आहे. मग एके दिवशी मुलाला घेऊन जत्रेला जायचे म्हणते आणि तिला कळते की या घराच्या बाहेर जायचे नाही. काळे ओरडत नाही, हात उगारत नाही. आवाज न चढवता तो घराची रीत सांगतो. अमरीश पुरींनी इतके थंड काम दुसरीकडे क्वचितच केले असेल. नट्यांच्या आयुष्यावरचे चित्रपट बहुधा स्टुडिओला तुरुंग आणि घराला सुटका मानतात. 'भूमिका'त सुटकेसाठी उषाला ज्याच्यापासून पळ काढला त्या नवऱ्यालाच बोलावणे धाडावे लागते.

मूळ पुस्तक आणि चित्रपट यांची तुलना जरूर करा, पण एक सावधगिरी बाळगा. चित्रपटाने पुस्तकाला न्याय दिला का, एवढ्यावर थांबू नका. पुस्तक सांगण्याच्या ओघात पुढेमागे उड्या मारते, चित्रपट उषाच्या आयुष्यात आलेल्या पुरुषांच्या क्रमाने चालतो: नवरा केशव, राजन, सुनील, काळे. ही मांडणी पटकथाकारांची आहे. हंसाबाईंच्या सांगण्यात माणसांइतकेच काम भरलेले आहे.

पुढे स्मिता पाटील यांच्याच बाबतीत जे घडले त्याने विषय आणखी गुंतला. 'अर्थ' (१९८२) हा महेश भट्ट यांनी स्वतःच्या आयुष्यावरून, परवीन बाबी यांच्याशी असलेल्या संबंधांवरून बेतलेला चित्रपट. त्यात विवाहित पुरुषाच्या आयुष्यात आलेल्या नटीचे काम स्मिता पाटील यांनी केले. नंतर त्यांच्या स्वतःच्या नात्याबद्दल वर्तमानपत्रांनी जे लिहिले ते 'अर्थ'च्याच भाषेत लिहिले. १३ डिसेंबर १९८६ रोजी, एकतिसाव्या वर्षी, त्या गेल्या आणि मग 'भूमिका' हे जणू भविष्यकथन होते असे सांगणारे लेख येऊ लागले. मला हे वाचन आळशी वाटते. 'भूमिका' आला त्याच वर्षी 'जैत रे जैत'मध्ये त्या ठाकरवाडीतली चिंधी झाल्या होत्या. चिंधीत त्यांचे आयुष्य कोणी शोधले नाही. जी भूमिका पुढच्या बातमीशी जुळते ती आपण उचलतो आणि बाकीच्या टाकून देतो, आणि मग या जुळणीचे आपल्यालाच नवल वाटते. 'अर्थ'च्या बाबतीत विचारायला हवा असा प्रश्न वेगळाच आहे. एका नटीचा आजार आणि प्रेम दुसऱ्या नटीच्या भूमिकेचा ऐवज झाले. पहिलीला कोणी विचारले होते का?

हे सगळे सिनेमाने आणले असे मानू नये. रंगभूमीवर विजय तेंडुलकरांनी १९६७ मध्ये या विषयाचा गाभा एका खोलीत मांडून ठेवला होता. 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधली लीला बेणारे ही हौशी नाटक मंडळीतली बाई. प्रयोगाच्या आधी वेळ घालवायला खोटा खटला चालवायचा ठरते, तिला आरोपीची भूमिका दिली जाते आणि भ्रूणहत्येचा आरोप गंमत म्हणून ठेवला जातो. मग एकेक साक्षीदार आपल्या पदरचे, ऐकीव, पाहिलेले असे काही सांगत जातो आणि भूमिकेचा आरोप बाईच्या खऱ्या आयुष्याला येऊन चिकटतो. ती निघू पाहते तेव्हा दाराची कडी बाहेरून लागलेली असते. त्या कडीचा उल्लेख नाटकाच्या अगदी सुरुवातीला येऊन गेलेला आहे, आपण हसून सोडून दिलेला. बेणारे उभी केली सुलभा देशपांडे यांनी. १९७१ मध्ये या नाटकावरचा चित्रपट सत्यदेव दुबे यांनी केला, तेव्हाही बेणारे त्याच. 'भूमिका'च्या पटकथेत हेच दुबे आहेत आणि उषाच्या आईच्या कामात याच सुलभाताई. त्या आईला आपल्या मुलीपुढे काय वाढून ठेवले आहे हे ठाऊक आहे, असे सुलभाताईंच्या चेहऱ्याकडे पाहताना मला दर वेळी वाटते. आता हे वाटणे म्हणजे मीही एका भूमिकेतून दुसरी वाचतो आहे, असा आक्षेप कोणी घेतला तर तो मान्य आहे.

उलट बाजूचे एकच उदाहरण देतो. 'संत तुकाराम' (१९३६) नंतर लोक विष्णुपंत पागनीसांच्या पाया पडत. पागनीस आधी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे. तुकारामाने त्यांचे आयुष्य बदलले असे सांगतात, आणि त्यात कौतुक असते. भूमिका पुरुषाच्या आयुष्यात शिरली की ती साधना ठरते, बाईच्या आयुष्यात शिरली की ते प्रकरण ठरते. हा फरक कुठून आला याचा शोध अजून पुरता घेतला गेलेला नाही.

कामे पुष्कळ पडली आहेत. 'माणूस' साप्ताहिकात छापून आलेले हंसाबाईंचे निवेदन आणि राजहंसचे पुस्तक शेजारी ठेवून बघावे: शब्दांकन करणाऱ्याचा हात कुठे दिसतो, बाईचा सूर कुठे जसाच्या तसा उरला आहे. शब्दांकन करणारा पत्रकार होता, उद्याचा कादंबरीकार होता आणि पुरुष होता. तिन्ही गोष्टींनी फरक पडतो. पुण्यातल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जुन्या जाहिराती, पुस्तिका, छायाचित्रे आहेत. गाण्यांच्या त्या पातळ पुस्तिकांत नटीच्या नावापुढे कुठे 'मिस' लागते, कुठे शिक्षणाची पदवी लागते आणि कुठे काहीच लागत नाही, एवढे पाहत गेलात तरी एक निबंध होईल. लीला चिटणीस यांची पदवी जाहिरातीत मिरवली गेली. त्याच काळातल्या कलावंतिणींच्या मुलींना असे मिरवायला काय होते? समूहात नाचणाऱ्या, मारामारीची कामे करणाऱ्या, दोन दृश्यांपुरत्या येणाऱ्या बायकांची तर आत्मचरित्रेही नाहीत. त्यांच्यापर्यंत पोचायला हजेरीपटांसारखी कागदपत्रे शोधावी लागतील.

कुठून सुरुवात करावी असे कोणी विचारले तर मी 'भूमिका' सांगत नाही. आधी 'कुंकू' पाहा आणि मग शांता आपट्यांचे १९४० चे 'जाऊ मी सिनेमात?' मिळवून वाचा. सिनेमात येऊ पाहणाऱ्यांसाठी लिहिलेले ते पुस्तक आहे. नीराचे मन किंवा शांताबाईंचे खासगी आयुष्य शोधत गेलात तर हाती फारसे लागणार नाही. स्टुडिओ हा कारखाना कसा आहे, त्यात नटाचे शरीर कसे झिजते, थकवा कोणाच्या खाती जमा होतो आणि नफा कोणाच्या, हे मात्र त्यांनी खडसावून लिहिले आहे.